शाळेसाठी बांधलेलं घर

लेकीकडे न्यू जर्सीला येण्याची माझी ही चौथी खेप. पार्सिपनी हे तिचं गाव. गाव म्हणायचं ते आपल्या सवयीने. तशी ती पन्नास-पंचावन्न हजार वस्तीची टाउनशिप आहे. आपली माणसं इथे इतकी की संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालं तर मराठी, गुजराती, तेलुगू सगळं कानावर पडतं. आधीच्या तीन खेपांत स्वातंत्र्यदेवी, नायगारा, वॉशिंग्टन असं सगळं रीतसर बघून झालं होतं. या वेळी मी लेकीला म्हटलं, "आता लांब कुठे नेऊ नकोस बाई. गुडघे ऐकत नाहीत. जवळपास काही असेल तर दाखव."

ती म्हणाली, "आई, आपण रूट टेनवरून जातो ना, तिथे एका जुन्या घराची पाटी आहे. बारा वर्षं मी ती पाटी बघतेय. आत काही कधी गेले नाही."

वाईची माणसं मेणवलीचा नानांचा वाडा कधी बघतात, तशातली गत. पाहुणा आला की मग निघतात. तर असा पाहुणा होऊन मी एका शनिवारी ते घर बघायला गेले. तासाभरात परत यायचं म्हणून निघालो होतो, ते जेवायची वेळ टळून गेल्यावर परतलो. त्या घराचं नाव क्राफ्ट्समन फार्म्स. त्याविषयी लिहायला बसले त्याला एक कारण आहे, ते शेवटी सांगते. ते कारण मुख्यतः आमच्या मामेभावंडांसाठी आहे, पण बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

हमरस्त्यावर गाड्यांचा नुसता लोंढा. तिथून आत वळलं आणि झाडांत शिरलं की आवाज मागे पडतो. चढावर एक लांबोडकं घर दिसतं. खालचा मजला गोल ओंडक्यांचा, एकावर एक आडवे रचलेले. वरचा मजला लाकडी खपल्यांनी मढवलेला, माशाच्या खवल्यांसारखा. उतरतं मोठं छप्पर, आणि दोन्ही टोकांना रानातल्या दगडांची जाड धुराडी. नातू म्हणाला, "आजी, ही तर लॉग केबिन!" त्याचं काही चुकलं नाही. अमेरिकेतल्या मुलांना ओंडक्यांचं घर म्हटलं की अब्राहम लिंकन आठवतात, कारण त्यांचा जन्म असल्याच खोपटातला. पण हे खोपटं नव्हे. आतली मोठी खोली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे पन्नास फूट लांब आहे. तिच्या दोन्ही अंगांना दगडी शेकोट्या आणि त्यांच्यावर ठोक्याच्या तांब्याची मोठाली झाकणं. आपल्याकडे तांबट आळीत घंगाळावर जसे हातोडीचे ठसे दिसतात, अगदी तसे ठसे. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

आत उजेड कमी, पण उदास वाटत नाही. भिंती म्हणजे तेच ओंडके, आतूनही उघडेच. ना गिलावा, ना रंग. लाकडाच्या मधाळ रंगावर दिव्यांचा पिवळा उजेड पडतो. खुर्च्या, बाकं, टेबलं सगळी ओकच्या लाकडाची, जड, सरळ रेषांची, नक्षी अजिबात नाही. हात लावायला बंदी आहे, म्हणून मी वाकून वाकून सांधे बघितले. एका लाकडाचं टोक दुसऱ्या लाकडाच्या खाचेतून आरपार बाहेर काढलेलं, आणि ते लपवायचं सोडून मुद्दाम दिसेल असं ठेवलेलं. आमचे आजोबा सुताराला सांगत, "सांधा झाकू नको रे, झाकलेल्या सांध्यात खोट असते." त्यांची आठवण झाली.

हे घर बांधणारा माणूस म्हणजे गुस्ताव स्टिकली. जन्म १८५८चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या ओसिओला गावचा. आईवडील जर्मनीतून आलेले, वडील पाथरवट. गुस्ताव थोरला. लहान वयातच त्याला वडिलांच्या हाताखाली दगड फोडावे लागले आणि ते काम त्याला मुळीच आवडलं नाही. पुढे पेनसिल्व्हेनियात मामा-काकांच्या खुर्च्यांच्या कारखान्यात लागला, तिथे लाकूड हातात आलं आणि माणूस मार्गी लागला. बरीच वर्षं त्याने त्या काळच्या फॅशनप्रमाणे जुन्या पद्धतीच्या नक्षीदार खुर्च्या केल्या आणि विकल्या. चाळिशीत, १८९८च्या सुमारास, तो युरोपात गेला. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन आणि विल्यम मॉरिस यांच्या विचारांचं वारं त्याला लागलं. यंत्राने ओतलेल्या खोट्या नक्षीपेक्षा हाताने केलेली साधी, टिकाऊ वस्तू माणसाला आणि ती करणाऱ्याला दोघांनाही सुख देते, असा त्या विचाराचा गाभा. परत येऊन त्याने सिरॅक्यूजजवळ आपला कारखाना काढला आणि नक्षी टाकून दिली. मालावर खूण घातली ती सुताराच्या कंपासाची, आणि बोधवाक्य घेतलं जुन्या फ्लेमिश भाषेतलं. 'आल्स इक कान.' म्हणजे, माझ्या परीने होईल तितकं चांगलं.

यंत्राचा त्याला विटाळ होता असं मात्र समजू नका. कंटाळवाणं कापकाम यंत्राने करावं, जिथे डोकं आणि हात लागतो तिथे माणूस असावा, असं त्याचं म्हणणं. ओकला तो तपकिरी रंग कसा यायचा तेही मजेदार आहे. तयार वस्तू बंद खोलीत ठेवून तिला अमोनियाची धुरी देत. ओकच्या लाकडात टॅनिन असतं, आपल्या हिरड्यात असतं तेच. त्याच्याशी अमोनियाचा संयोग होऊन रंग लाकडाच्या आतूनच चढतो. वरून लावलेला नव्हे, म्हणून खरवडला तरी जात नाही. हिरड्याचं नाव काढल्यावर सातारकडच्या मंडळींना जे आठवेल, तेच मलाही आठवलं. त्याकडे येतेच.

१९०१च्या ऑक्टोबरात स्टिकलीने 'द क्राफ्ट्समन' नावाचं मासिक काढलं. पहिला अंक मॉरिसवर, दुसरा रस्किनवर. हे मासिक १९१६पर्यंत चाललं. घराच्या एका शैलीला आज अमेरिकेत 'क्राफ्ट्समन' म्हणतात, ते या मासिकामुळे. उतरतं छप्पर, बाहेर झुकलेल्या रुंद पागोळ्या, पुढे जाड खांबांची पडवी, आत शेकोटीभोवती मांडलेली बैठक, भिंतीतच बसवलेली कपाटं आणि बाकं, आणि लाकूड लाकडासारखं दिसणारं. स्टिकली या मासिकात घरांचे नकाशे छापी, आणि वर्गणीदाराने मागितला तर बांधकामाचा पुरा आराखडा फुकट देई. असे दोनशेहून अधिक नकाशे छापले गेले. पाहणाऱ्यांनी त्याच धर्तीवर आणखी घरं बांधली, इतर कंपन्यांनीही ती वाट धरली. सिअर्स या कंपनीने १९०८पासून १९४०पर्यंत घराचे सुटे भाग कॅटलॉगवरून विकले. वाशांपासून खिळ्यांपर्यंत सगळं रेल्वेच्या डब्यातून घरपोच! त्यातल्याही पुष्कळ घरांचा तोंडवळा याच जातीचा होता.

आणि आता आपल्या अभिमानाची गोष्ट. यातल्या लहान, बैठ्या घराला हे लोक 'बंगलो' म्हणतात. हा शब्द आपलाच. बंगालकडच्या धाटणीचं ते 'बंगला'. इंग्रज साहेबाने इथे ते पडवीचं, बैठं, हवेशीर घर बघितलं, आपल्यासाठी बांधून घेतलं, पेन्शनीत जाताना शब्द बरोबर नेला. इंग्लंडात समुद्रकाठी बंगले झाले, तिथून तो शब्द अमेरिकेत उतरला आणि कॅलिफोर्नियात तर बंगल्यांच्या आळ्याच्या आळ्या उभ्या राहिल्या. गंमत अशी, की आपल्याकडे 'बंगला' म्हटलं की श्रीमंताचं घर, आणि अमेरिकेत 'बंगलो' म्हणजे कारकुनाला, शिक्षकाला परवडेल असं लहानसं घर. शब्द एकच, पण समुद्र ओलांडताना त्याची ऐपत बदलली.

असो. तर दुसऱ्याच्या घराचे इतके नकाशे वाटणाऱ्या या माणसाचं स्वतःचं घर कसं झालं ते ऐका.

१९०५ साली त्याने कचेरी न्यूयॉर्कला हलवली आणि १९०८पासून न्यू जर्सीत, मॉरिस प्लेन्सजवळ, जमीन घ्यायला सुरुवात केली. घेत घेत साडेसहाशे एकरांपर्यंत गेला. या जमिनीवर त्याला शाळा काढायची होती. मुलग्यांची शेतशाळा. मुलांनी शेतात राबायचं, गुरं सांभाळायची, सुतारकाम, लोहारकाम शिकायचं, आणि त्यातूनच लिहिणं, गणित, विज्ञान. आधी हात आणि मग पुस्तक. आता आपण बघतो ते ओंडक्यांचं घर हे त्याचं राहतं घर म्हणून बांधलेलंच नव्हतं. शाळेतली मुलं, शिकवणारे, पाहुणे यांनी एकत्र बसावं, जेवावं म्हणून बांधलेलं ते क्लबहाऊस. म्हणून तर ती पन्नास फुटी खोली, आणि एका कुटुंबाला कशाला हवं असा प्रश्न पडेल इतकं मोठं स्वयंपाकघर. स्वतःच्या कुटुंबासाठी वर टेकडीवर वेगळं घर बांधायचं ठरलं होतं. त्याचा नकाशाही छापून झाला होता.

इथे माझ्यातली बाई जागी झाली. माहिती सांगणाऱ्या स्वयंसेविकेला मी विचारलं, "मग शाळेत मुलं किती होती?" (लेकीने इंग्रजीत विचारलं, मी नुसती पुढे झुकले.) त्या म्हणाल्या, एकही नाही. शाळा सुरूच झाली नाही.

टेकडीवरचं घरही झालं नाही. १९११मध्ये ओंडक्यांचं घर तयार झालं आणि स्टिकली, त्याची बायको ईडा आणि सहा मुलं त्यातच राहायला आली. सहांपैकी मुलगा एक आणि मुली पाच! पाच मुलींच्या बापाने मुलग्यांची शाळा काढायचं ठरवलं, हे मला जरा गमतीचंच वाटलं. पण तो काळच तसा होता, त्याला काय नावं ठेवायची.

शाळा सुरू झाली नाही हे ऐकून मला वाईट का वाटलं ते सांगते. रस्किनचं नाव निघालं म्हणून. १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गाडीत गांधीजींच्या हातात रस्किनचं 'अनटू धिस लास्ट' पडलं. त्यानंतर लगेच त्यांनी फिनिक्सची वसाहत काढली. पुढे त्या पुस्तकाचा सारांश गुजरातीत केला आणि त्याला नाव दिलं 'सर्वोदय'. तीच वाट पुढे आपल्या वर्ध्याला आली. १९३६ साली सेवाग्राम, माती-बांबूच्या कुट्या, आणि १९३७च्या वर्धा परिषदेत नई तालीम. हस्तोद्योगातून शिक्षण. आम्ही लहानपणी ज्या शाळेत गेलो ती मूलोद्योगी शाळा होती. टकळी, पेळू, सुताची लडी, शाळेचा वाफा. माझं सूत सारखं तुटायचं आणि गुरुजी म्हणायचे, "तुझ्या सुतात घाई आहे." म्हणजे बघा, स्टिकली आणि गांधीजी एकमेकांना ओळखतही नसतील, पण एकाच म्हाताऱ्या इंग्रजाचं वाचून एकाने न्यू जर्सीत ओंडके रचले आणि दुसऱ्याने वर्ध्यात कुड उभे केले.

आता कबुली देते. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले. चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. वेळापत्रकात 'कार्यानुभव' नावाचा तास असे. कागदकाम, शिवण, बागकाम, जे काय जमेल ते. दहावीचा भाग मागे पडला की मी तो तास मागून घ्यायची. सगळेच घ्यायचे. मुलांच्या वहीत कार्यानुभवाची श्रेणी मात्र पडायची, 'अ' किंवा 'ब'. एक मुलगा होता, वर्गात कधी तोंड उघडायचा नाही, पण शाळेच्या मोडक्या बाकाचा पाय त्याने असा बसवला होता की ते बाक मी निवृत्त होईपर्यंत हललं नाही. त्याला मी पानिपतच्या सनावळीत नापास केलेलं आहे. तेव्हा स्टिकलीची शाळा का निघाली नाही म्हणून हसायचा अधिकार मला नाही. त्याची शाळा उघडलीच नाही, आणि आमची उघडी असून त्या तासाला बंद होती.

त्याची न निघण्याचं कारण पैसा आणि उडी. शेत उत्तम चाललं होतं. भाजीपाला, फळबाग, गाई, कोंबड्या. पण १९१३ साली त्याने न्यूयॉर्कमध्ये, ईस्ट थर्टीनाइन्थ स्ट्रीटवर, बारा मजली इमारत भाड्याने घेतली. खाली दुकानं, वर कचेऱ्या, मासिक, आणि एक उपाहारगृह. शेतातलं दूध, अंडी, भाजी तिकडे जायची. साध्या राहणीची शिकवण द्यायला बारा मजले! इतक्यात लोकांची आवड बदलली, परत जुन्या वळणाचं सामान घरात येऊ लागलं. नकला करणारे स्वस्तात विकत होतेच, त्यात त्याचे सख्खे भाऊही होते. युरोपात युद्ध पेटलं. मार्च १९१५मध्ये स्टिकलीने दिवाळखोरीचा अर्ज केला. १९१७मध्ये शेत आणि घर विकलं गेलं. म्हणजे ज्या घराला जग आज त्याचं घर म्हणून बघायला येतं, त्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला.

दोन वर्षांनी बायको गेली. तो सिरॅक्यूजला, आपल्याच जुन्या घरात, थोरल्या मुलीकडे राहिला. १९४२मध्ये गेला, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचा होता आणि बाहेर त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. पुढे १९८८ साली गायिका बार्बरा स्ट्रायसँड हिने त्या सिरॅक्यूजच्या घरातलं एक साइडबोर्ड लिलावात घेतलं. किंमत तीन लाख त्रेसष्ट हजार डॉलर! सामान्य माणसासाठी म्हणून केलेल्या वस्तूचं हे असं झालं. पण मला त्यापेक्षा लेकीशी निगडित गोष्ट लक्षात राहिली. शाळा त्याने मुलग्यांसाठी योजली होती, म्हातारपणी आसरा मुलीचा मिळाला.

घर घेतलं ते फार्नी नावाच्या कुटुंबाने. किंमत एक लाख डॉलर. त्यांनी सत्तरएक वर्षं ते सांभाळलं, आणि मला वाटतं त्यांचे उपकार स्टिकलीच्या तोडीचे आहेत. आधीच्या मालकाचं नाव कुणाला ठाऊक नसतानाही त्यांनी ओंडके रंगवून टाकले नाहीत, शेकोट्या काढल्या नाहीत.

त्या ओंडक्यांचं महत्त्व घराबाहेर पडताना समजलं. ते अमेरिकन चेस्टनटचे आहेत, याच जमिनीवर तोडलेले. (आपल्या शिंगाड्याला इंग्रजीत वॉटर चेस्टनट म्हणतात, त्याचा आणि याचा काही संबंध नाही. हा मोठा वृक्ष.) १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या प्राणिसंग्रहालयात या झाडांवर एक बुरशीचा रोग पहिल्यांदा लक्षात आला. तिथून हे घर चाळीस-पन्नास किलोमीटरवर. घर बांधलं जात होतं तेव्हा रोग पसरतच होता. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत पूर्व अमेरिकेतली तीन-चारशे कोटी झाडं गेली. मुळांतून अजून फुटवे येतात, पण मोठं होण्याआधीच रोग त्यांना गाठतो. म्हणजे हे घर पुन्हा बांधायचं म्हटलं तरी तसल्या ओंडक्यांचं रान आता उरलेलं नाही. मी दाराबाहेरच्या एका ओंडक्यावर हळूच हात ठेवला. कुणी बघितलं नाही.

आता त्या कारणाकडे येते.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस या जागेवर बावन्न टाउनहाऊस बांधायचा बेत झाला होता. इथे जमिनीला सोन्याचा भाव, न्यूयॉर्क जवळ. पण गावातल्या लोकांनी आणि या शैलीच्या अभ्यासकांनी ओरड केली, आणि १९८९ साली पार्सिपनीच्या टाउनशिपने कायद्याचा वापर करून ही जागा ताब्यात घेतली. सुमारे सव्वीस एकर, घरासकट. पुढच्याच वर्षी, १९९०मध्ये, तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. आता तिथे संग्रहालय आहे, आणि मुलांसाठीही कार्यक्रम होतात.

स्वयंसेविका बाईंनी त्या कायद्याचं इंग्रजी नाव सांगितलं. मला काही उमगेना. जावईबापू म्हणाले, "आई, म्हणजे भूसंपादन."

हा शब्द कानावर पडला आणि मी तिथल्या बाकावर बसले. लेकीला वाटलं गुडघा दुखतोय.

माझं आजोळ बामणोलीच्या बाजूचं. आज जिथे शिवसागर जलाशय आहे, तिथलं. आमच्यातल्या थोरांना सगळं ठाऊक आहे, पण नव्या पिढीसाठी सांगते. कोयनेचं धरण झालं तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची होते. १८९४चा इंग्रजांचा भूसंपादनाचा कायदा होता, त्याखाली नोटिसा आल्या. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ साली, म्हणजे माणसं उठून गेल्यावर पंधराएक वर्षांनी. घर दगडी जोत्याचं, तुळया ऐनाच्या, सारवलेली जमीन. परड्यात हिरड्याची दोन झाडं. नदीचे दगड आणि रानातलं लाकूड, जे जवळ होतं त्याचं बांधलेलं. मामांनी ते घर स्वतःच्या हाताने उतरवलं. कौलं मोजून रचली, तुळयांवर गेरूने खुणा केल्या, कुठली कुठे बसायची त्या. सगळं बैलगाडीत भरलं. आजी चुलीतली राख पदरात घेऊन निघाली, एवढं मला आठवतं.

धरण वाईट असं मी म्हणत नाही. कोयनेच्या विजेवर महाराष्ट्र उभा राहिला. मी ज्या शाळेत शिकवलं तिथले पंखे त्याच विजेवर फिरत होते. पण माझ्या मनात भूसंपादन म्हणजे घर जाणं, हे साठ वर्षं पक्कं बसलेलं. या शब्दाने घर राहूही शकतं, हे मला पंचाहत्तरीला परक्या मुलखात कळलं. दोन्हीकडे कायदा एकच म्हणायचा: सार्वजनिक कामासाठी जमीन घेणं. मग फरक कशात? सार्वजनिक काम कशाला म्हणायचं ते कोण ठरवतं, त्यात. पार्सिपनीत लोक म्हणाले, एक जुनं घर असणं हेही सगळ्यांचं काम आहे. आमच्या खोऱ्यात कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

आणि आता कारण. मामांनी नेलेल्या लाकडांतून पुनर्वसनाच्या माळावर घर झालं. ते आता मोडकळीला आलंय. धाकटा मामेभाऊ तिथे स्लॅबचं घर बांधतोय. बांधायलाच हवं, पावसात त्यांचे हाल होतात. मागच्या महिन्यात फोनवर तो सहज म्हणाला, जुनं लाकूड घेणारा येऊन गेला, माजघराच्या चौकटीला बरे पैसे देतोय. मी तेव्हा "बरं" म्हणाले. शहरात राहून दुसऱ्याला गळक्या घरात राहायला सांगणं सोपं असतं, म्हणून गप्प बसले.

ते घर बघून आल्यावर त्याच रात्री मी त्याला फोन लावला. म्हटलं, घर नवं बांध, स्लॅबचं बांध, मला काही म्हणायचं नाही. पण ती एक चौकट नव्या घरात कुठेतरी बसव. लाकूडवाला देणार आहे ते पैसे मी पाठवते. तिच्यावर मामांनी गेरूने खूण केली होती, ती अजून असेल बघ.

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाला, "अक्का, पैशाचं नाव काढू नगं. खूण हाय अजून, म्या कालच बघितली. पर चौकट पाच फुटाची हाय. पोरं उंच झाल्यात, समद्यांची डोकी आपटतील."

मी म्हटलं, "आपली आपटली नव्हती का?"

तो हसला. गवंड्याला विचारून सांगतो म्हणालाय. या ओळी लिहीपर्यंत त्याचा फोन आलेला नाही. आला की कळवीनच.